सायटेशनचा आकडा काय मोजतो?

दरवर्षी आपल्या वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एक ठरावीक बातमी येते. अमुक महाविद्यालयातले प्राध्यापक ‘जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञां’त. सोबत फोटो, पुष्पगुच्छ आणि संस्थाचालकांचे अभिनंदन. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोअनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या खासगी माहितीसाठ्यावरून तयार करतात. एखाद्याच्या शोधनिबंधांचा उल्लेख (सायटेशन) इतरांच्या शोधनिबंधांत किती वेळा आणि कसकसा झाला, यावर तिचे सगळे गणित उभे असते. बातमीत हे क्वचितच सांगितलेले असते. वाचक समजतो की कोणीतरी या माणसाचे काम वाचले, तोलले आणि वर काढले.

डॉक्टरांच्या बाबतीत हा समज अधिक पक्का असतो. हृदयरोगतज्ज्ञाच्या परिचयपत्रात निबंधांची संख्या, सायटेशन आणि एच-इंडेक्स हे तीन आकडे ओळीने आले की पुढचे कोणी विचारत नाही. याच्या उलट दुसराही समज तितकाच प्रचलित आहे: हा सगळा बाजार आहे, आकडे विकत मिळतात, खरे डॉक्टर रुग्ण बघतात. दोन्ही समज सारखेच आळशी आहेत. पहिल्याला निबंध वाचायचे नसतात आणि दुसऱ्यालाही.

माझे म्हणणे असे. सायटेशनचा आकडा खरा असतो, पण तो मोजतो ते संशोधकांचे एकमेकांकडे असलेले लक्ष. निष्कर्ष बरोबर आहे का, हे त्यातून कळत नाही. रुग्णाचे भले झाले का, हे तर त्याहून नाही. गणितात किंवा खगोलशास्त्रात ही गफलत झाली तर फार तर एखाद्याची बढती हुकते. हृदय आणि फुप्फुसांच्या विकारांत शोधनिबंधापासून मार्गदर्शक सूचना आणि तिथून डॉक्टरच्या चिठ्ठीपर्यंतचे अंतर फार थोडे आहे. तिथे ही गफलत माणसाच्या जिवापर्यंत पोहोचते.

१. शोधण्यासाठी केलेले साधन

आधी या आकड्याचा जन्म पाहू. यूजीन गारफिल्ड या अमेरिकन माहितीशास्त्रज्ञाने १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक कल्पना मांडली. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या खटल्यात घेतला गेला, याची सूची अमेरिकेतले वकील पूर्वीपासून वापरत होते. तशीच सूची विज्ञानाची करावी, म्हणजे जुना निबंध हाती असेल तर त्यावर पुढे कोणी काय लिहिले ते सापडेल. १९६४ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. हेतू शोधण्याचा होता. नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात हे सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टरही नियतकालिकांची आपापसात तुलना करण्यासाठी निघाला, ग्रंथपालांना वर्गणी ठरवायला तो सोयीचा पडला.

व्यक्तीला क्रमांक देणारा एच-इंडेक्स तर २००५ मधला, होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाचा. ज्याच्या किमान २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झाला, त्याचा एच-इंडेक्स २०. हिशेब सुटसुटीत आहे, म्हणूनच तो चालला. पण हा आकडा कधी खाली येत नाही. निबंध खोटा ठरला म्हणून त्याचे उल्लेख पुसले जात नाहीत. माणूस निवृत्त झाला, काम थांबले, तरी तो वाढतच राहतो. आणि हृदयरोगातल्या बहुकेंद्री चाचण्यांच्या निबंधावर जेव्हा तीस-चाळीस नावे असतात, तेव्हा चाचणीची कल्पना सुचलेल्याला आणि आपल्या रुग्णालयातले थोडे रुग्ण दाखल करून देणाऱ्याला सारखेच श्रेय मिळते. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या शेजाऱ्यांसाठी काढलेली मोजपट्टी वैद्यकाने जशीच्या तशी उचलली, हे थोडे विचित्रच आहे.

२. उल्लेख होतो तो कशासाठी

एखादा निबंध दुसऱ्याचा उल्लेख करतो तो कौतुकापोटीच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कारणे अनेक असतात आणि सगळ्यात जास्त उल्लेख मिळवून देणारे कारण कौतुक नसतेच. ते असते सोय.

रक्ततपासणीच्या कागदावर ‘एलडीएल कोलेस्टेरॉल’ असे लिहिलेले असते. पुष्कळ प्रयोगशाळा तो आकडा थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. हे सूत्र फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन यांच्या १९७२ मधल्या निबंधातले. महागड्या यंत्राशिवाय काम भागावे, एवढाच त्यांचा उद्देश. हृदयरोगाच्या साहित्यात हा निबंध पराकोटीचा उद्धृत झाला आहे, आणि त्याने हृदयरोगाबद्दल नवे काहीही सांगितलेले नाही.

दुसरे उदाहरण फुप्फुसांचे. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. मोजण्याच्या दोन पद्धती एकमेकींशी जुळतात की नाही, हे कसे ठरवावे, हा विषय. उदाहरणासाठी त्यांनी श्वासाचा जोर मोजणारी दोन उपकरणे घेतली आणि १७ जणांना त्यांत फुंकायला लावले. हे १७ जण म्हणजे ब्लँड यांचे सहकारी आणि घरची मंडळी. हा निबंध वैद्यकाच्या इतिहासातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक आहे. त्याची योग्यता मोठीच आहे. पण त्याच्या आकड्यावरून कोणी म्हणू लागले की ब्लँड हे फुप्फुसरोगाचे थोर संशोधक, तर पहिल्यांदा ब्लँडच हसतील.

पद्धतीचा निबंध, आढावा घेणारा निबंध, मार्गदर्शक सूचना आणि वादग्रस्त निबंध या चार जातींना उल्लेख ढिगाने मिळतात. आढाव्याला मिळतात, कारण वीस मूळ निबंध वाचण्यापेक्षा एका आढाव्याचा दाखला देणे सोपे. वादग्रस्ताला मिळतात, कारण खोडून काढायचे तरी नाव घ्यावेच लागते, आणि मोजणाऱ्या यंत्राला खंडन व मंडन यांतला फरक कळत नाही. एका गावातून दुसऱ्या गावी किती बैलगाड्या गेल्या हे नाक्यावर मोजता येते, गाडीत धान्य होते की कडबा हे नाक्यावर कळत नाही.

यात आणखी एक गोष्ट मिळवली पाहिजे. पेर सेग्लेन या नॉर्वेजियन संशोधकाने दाखवले की एखाद्या नियतकालिकातल्या निबंधांपैकी वरच्या १५ टक्क्यांना एकूण उल्लेखांपैकी निम्मे मिळतात. म्हणजे नामांकित नियतकालिकात छापलेल्या बहुतेक निबंधांना त्या नियतकालिकाच्या सरासरीइतकेही उल्लेख मिळत नाहीत. तरी आपल्याकडे ‘इम्पॅक्ट फॅक्टर अमुकच्या जर्नलमध्ये पेपर’ असे सांगितले की चहा येतो.

३. यशस्वी कल्पनेचे नाव कोणी घेत नाही

आता उलट बाजू. काही कल्पना इतक्या रुजतात की त्यांचा उल्लेख करण्याची गरजच उरत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ज्ञानव्यवहाराची ही रीत फार पूर्वी ओळखली होती.

१८७० साली आडोल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने व्युर्ट्सबुर्गच्या विद्वत्सभेत एक छोटे टिपण वाचले. फुप्फुसांनी मिनिटाला किती ऑक्सिजन उचलला आणि हृदयात येणाऱ्या व हृदयातून जाणाऱ्या रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक आहे, हे कळले तर हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते ते काढता येईल. हृदय आणि फुप्फुस यांचा हिशेब एका समीकरणात बांधणारी ही कल्पना. पण जिवंत माणसाच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मिळवायचे कसे? १९२९ मध्ये एबर्सवाल्डेच्या रुग्णालयातल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. जर्मन वैद्यकाने त्याला वेडगळ ठरवले. विद्यापीठीय कारकीर्द बंद झाली आणि तो मूत्ररोगाच्या शस्त्रक्रियेकडे वळला. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांना, तेही मुळात फुप्फुसांचा अभ्यास करताना, नेमकी या नळीची गरज पडली. १९४० च्या दशकात त्यांनी फिकची कल्पना आणि फोर्समानची वाट एकत्र आणली. १९५६ चे नोबेल तिघांना मिळून मिळाले.

१९३५ साली एखाद्या निवड समितीने फोर्समानचे मूल्यमापन आकड्यांवर केले असते, तर त्याला नाकारण्याचा तिचा निर्णय नियमाला धरूनच ठरला असता. आज पुणे-नागपूरच काय, तालुक्याच्या गावीही अँजिओग्राफी होते, आणि त्या अहवालात ना फिक असतो ना फोर्समान.

किती काळाने काय उपयोगी पडेल, याचा सर्वांत मोठा हिशेब याच क्षेत्रात झाला आहे. ज्युलियस कॉम्रो हे फुप्फुसांचे अभ्यासक आणि रॉबर्ट ड्रिप्स हे भूलतज्ज्ञ. दोघांनी हृदय व फुप्फुसरोगातल्या दहा मोठ्या प्रगती डॉक्टरांच्या मतांवरून निवडल्या आणि त्या कशाच्या जोरावर झाल्या, याचा माग काढत मागे मागे गेले. १९७६ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: निर्णायक ठरलेल्या ५२९ निबंधांपैकी ४१ टक्के निबंध लिहिले गेले तेव्हा त्यांच्या लेखकांच्या डोळ्यांसमोर कोणताही रोग नव्हता. त्यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली. निबंध निवडताना आवडनिवड शिरली असणार, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरी त्यांनी जे केले ते आकडा बघणाऱ्यांनी कधी केलेले नाही. ते निबंध वाचत गेले, आणि सुरुवात त्यांनी रुग्णाला झालेल्या फायद्यापासून केली.

४. रॉटरडॅमचा धडा

इथवरचे विवेचन ‘आकडा अपुरा आहे’ असे सांगते. तो घातकही ठरू शकतो, हे सांगायला रॉटरडॅमला जावे लागेल.

हृदय अशक्त असलेल्या रुग्णाची दुसरी एखादी मोठी शस्त्रक्रिया करायची झाली, तर तिच्या ताणाने हृदयविकाराचा झटका येण्याची भीती असते. बीटा-ब्लॉकर ही औषधे हृदयाची गती आणि जोर कमी करतात. शस्त्रक्रियेच्या सुमारास ती सुरू केली तर हृदयाचे रक्षण होईल, ही कल्पना पटण्याजोगी होती. इरास्मस वैद्यकीय केंद्रातल्या डॉन पोल्डरमन्स यांच्या गटाने ‘डिक्रीज’ नावाने चाचण्यांची मालिका केली. १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या पहिल्या चाचणीत अवघे ११२ रुग्ण होते, पण फरक डोळे दिपवणारा: हृदयामुळे मृत्यू औषध न घेतलेल्यांत १७ टक्के, घेतलेल्यांत ३.४ टक्के. पोल्डरमन्स यांच्या नावावर शेकड्यांनी निबंध जमले. २००९ मध्ये युरोपीय हृदयरोग संस्थेने या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा समितीचे अध्यक्ष तेच होते. कोणत्याही मोजपट्टीने त्यांची निवड योग्यच ठरली असती.

दरम्यान २००८ मध्ये ‘पॉइझ’ ही ८,३५१ रुग्णांची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. तिच्यात बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. सूचना लिहिणाऱ्यांनी औषधाचा डोस फार मोठा होता, असे म्हणत तिची धार कमी केली. नोव्हेंबर २०११ मध्ये इरास्मस केंद्राने पोल्डरमन्स यांना बडतर्फ केले. चौकशीत संमतीपत्रांचा अभाव आणि विश्वास ठेवता न येणारी माहिती असे गंभीर दोष निघाले. पोल्डरमन्स यांनी हेतुपुरस्सर फसवणुकीचा आरोप नाकारला. ‘डिक्रीज’ वगळून उरलेल्या नऊ चाचण्यांतल्या १०,५२९ रुग्णांची एकत्र आकडेमोड ‘हार्ट’ या नियतकालिकात छापून आली, तेव्हा दिसले की शस्त्रक्रियेच्या वेळी नव्याने बीटा-ब्लॉकर सुरू केल्याने मृत्यू २७ टक्क्यांनी वाढतात. युरोपीय आणि अमेरिकी सूचना २०१४ मध्ये बदलल्या. मधल्या वर्षांत नेमके किती जीव गेले, यावर वाद आहे. गेले, यावर फारसा नाही.

यात सायटेशनचा दोष काय, असे विचारले जाईल. दोष असा की तो पुराव्याच्या जागी बसला. ज्या माणसाचे निबंध सगळे उद्धृत करतात, तोच सूचना लिहायला बसतो. सूचना त्याच्या निबंधांचा दाखला देतात. सूचनांचा दाखला पुढचे हजार निबंध देतात. या चक्रात कोणीही मूळ कागदपत्रे उघडून पाहिलेली नसतात, आणि आकडा मात्र प्रत्येक फेरीला वाढतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, हजार जणांनी तपासले.

अमेरिकेतही असेच घडले. पिएरो आन्व्हर्सा यांच्या गटाने २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये दावा केला की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या हृदयाचा मेलेला स्नायू पुन्हा उभा करतात. २००४ मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी सांगितले की आम्हाला असे काही दिसत नाही. ही दोन खंडनेही आन्व्हर्सा यांच्या उल्लेखांच्या खात्यात जमाच झाली. हृदयातल्या मूळपेशींचे हे क्षेत्र फुलत राहिले, माणसांवर चाचण्या झाल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालय आणि ब्रिगम रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस केली. खंडन छापून आल्यानंतर ही चौदा वर्षे गेली.

५. १९५९ सालची दोन कामे

आता ज्यांना आकड्यांत जागा कमी मिळते, त्यांच्याकडे वळतो. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपला आहे.

डॉ. एस. पद्मावती दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात हृदयरोग शिकवत होत्या. एस. एन. पाठक यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये दिल्लीतल्या ‘कॉर पल्मोनेल’च्या १२७ रुग्णांचा अभ्यास छापला. फुप्फुसे वर्षानुवर्षे खराब होत गेली की त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू फुगते आणि थकते, तो हा विकार. पाश्चात्त्य पुस्तकांत तो धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा रोग होता. दिल्लीत मात्र बायका पुरुषांच्या बरोबरीने दिसत होत्या, त्याही कमी वयाच्या. पद्मावतींनी घरातल्या चुलीच्या धुराकडे बोट दाखवले.

गोवऱ्या आणि लाकडांच्या धुरात दिवसाचे तास घालवणाऱ्या बाईच्या छातीत काय होते, याचे उत्तर तिथे निम्मे लिहून ठेवले होते. पण निबंध उद्धृत व्हायला त्या विषयावर दुसरे कोणी लिहिणारे लागतात. चुलीपुढे बसणाऱ्या बायका ज्यांच्याकडे तपासायला येत, ते डॉक्टर निबंध लिहीत नव्हते, आणि जे लिहीत होते त्यांच्या स्वयंपाकघरात गॅस होता. नेपाळमध्ये एम. आर. पांडे यांनी हा धागा पुढे नेला ते ‘थोरॅक्स’मध्ये १९८४ साली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासह धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुप्फुसविकाराचा आढावा ‘लॅन्सेट’मध्ये घेतला तो २००९ मध्ये, आणि तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. गॅसजोडण्यांची उज्ज्वला योजना आली २०१६ मध्ये. पहिल्या निबंधापासून हा ५७ वर्षांचा प्रवास आहे. दोन किंवा पाच वर्षांच्या खिडकीतून बघणारा कोणताही निर्देशांक तो पाहू शकत नाही.

त्याच १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये एका चाचणीचा निकाल छापला. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखालच्या या कामात क्षयाच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला आरोग्यधामात गोळ्यांसोबत खाट, आहार आणि विश्रांती. दुसऱ्याला गरीब वस्तीतल्या त्याच्या घरीच त्याच गोळ्या. निकाल जवळजवळ सारखे आले. घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही वाढले नाही. मिरज, पाचगणीसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामांभोवती उभा असलेला क्षयोपचाराचा सगळा विचार या निकालाने पालटला. ज्या देशात खाटा मूठभर आणि रुग्ण लाखोंनी, तिथे याहून मोठे काम कोणते? आज घरी औषध घेणारा प्रत्येक क्षयरोगी या चाचणीचा उल्लेखच आहे. तो मात्र कोणत्या यादीत मोजला जात नाही.

उल्लेख कुठून येतात, यालाही भूगोल आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते, ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्ये. भारताबाहेर कोणी वाचले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि अमेरिका-युरोपात खळबळ उडाली. काही वर्षांत मुळीतून रेसरपिन वेगळे झाले आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. वकिलांचे काम अधिक काटेकोर होते, हे मान्य. पण अठरा वर्षांचे अंतर केवळ काटेकोरपणाचे नव्हते. एक निबंध कलकत्त्यात छापला होता आणि दुसरा लंडनमध्ये.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे. आपल्या देशात आकडा काढून घेतला तर मागे काय उरते? वशिला. जात, गट, मंत्र्याचा फोन. ज्याचा कोणी गॉडफादर नाही, अशा तालुक्यातून आलेल्या मुलीला आपले दहा उद्धृत निबंध समितीच्या टेबलावर ठेवता येतात, हे तिचे एकमेव हत्यार आहे. ते तुम्ही काढून घेणार? नाही घेणार. आकड्याचा हा उपयोग मला मान्य आहे. पण आकडा बढतीची अट झाला की वशिला त्यातच शिरतो. विभागप्रमुखाचे नाव प्रत्येक निबंधावर चढते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवतात. ‘तू माझा दाखला दे, मी तुझा देतो’ अशी साटीलोटी जमतात. भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांची अट घातली, त्यानंतर काय पिकले हे वैद्यकीय महाविद्यालयांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. डॉ. समीरण नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ५७९ भारतीय वैद्यकीय संस्था तपासल्या. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत त्यांतल्या ३३२ संस्थांतून एकही निबंध आला नव्हता. ज्या संस्थेत संशोधनाची खोली नाही, तिथे संख्येची सक्ती केली तर संशोधन येत नाही, कागद येतो.

दुसरा आक्षेप: पोल्डरमन्स, आन्व्हर्सा हे अपवाद आहेत, अपवादांवरून नियम कसा मोडता? मग जिथे कोणी लबाडी केली नाही, ते उदाहरण घेऊ. १९८० च्या दशकात हृदयरोगतज्ज्ञांचा ठाम समज होता की झटक्यानंतर हृदयाचे चुकार ठोके औषधाने दाबले तर अचानक मृत्यू टळतील. समजामागे प्रामाणिक, भरपूर उद्धृत झालेले संशोधन होते. अमेरिकेत ‘कास्ट’ ही चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके दाबत होती, आणि रुग्ण मरत होते: १,४९८ रुग्णांत औषधाच्या गटात ६३ मृत्यू, नुसत्या साखरेच्या गोळीच्या गटात २६. सगळे निबंध खरे होते. त्यांनी मोजलेली गोष्ट चुकीची होती. उल्लेखांची संख्या कितीही वाढली असती तरी ही चूक तिच्यातून बाहेर पडली नसती. बाहेर पडली ती कोणीतरी मृत्यू मोजायला घेतले म्हणून.

तिसरा आक्षेप असा की विज्ञान स्वतःला दुरुस्त करते, वेळ द्या. करते, हे खरे. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ कोविड रुग्णांवरचा हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा निबंध छापला. माहिती सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीची होती. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला तो भाग थांबवला. बाहेरच्या संशोधकांनी आकडे विसंगत असल्याचे दाखवले, मूळ माहिती कोणालाही तपासता आली नाही आणि तेरा दिवसांत निबंध मागे घेतला गेला. त्याच कंपनीच्या माहितीवरचा हृदयविकार व कोविडचा ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला निबंधही त्याच दिवशी गेला. दुरुस्ती इतकी जलद आणि इतकी गाजलेली, तरी दोन्ही निबंधांचा उल्लेख पुढे होतच राहिला. उल्लेख करणाऱ्या अनेकांनी ते मागे घेतल्याचे लिहिलेही नाही. म्हणजे दुरुस्ती विज्ञानाने केली, पण ती सायटेशनच्या यंत्रणेपर्यंत पोहोचली नाही.

७. मग काय विचारावे

एका बाबतीत आकड्याची मला गरज वाटते: हजारो निबंधांच्या, संस्थांच्या, देशांच्या पातळीवर. तिथे व्यक्तिगत योगायोग एकमेकांना छेदून जातात आणि कल दिसतो. भारतात संधिवाताच्या तापाने होणाऱ्या हृदयाच्या झडपांच्या रोगावर किती लिहिले जाते आणि स्टेंटवर किती, हे मोजले पाहिजे. त्या आकड्याने काहींना लाज वाटली तर उत्तमच.

व्यक्तीच्या बाबतीत मात्र आकडा मिळाला की काम संपत नाही, सुरू होते. उल्लेख कोणी केले? स्वतःच, आपल्याच शिष्यांनी, की दुसऱ्या देशातल्या अनोळखी गटाने? कशासाठी केले: पद्धत वापरली, निष्कर्ष तपासला, की प्रस्तावनेतल्या एका वाक्याला टेकू म्हणून? कोणी तोच प्रयोग पुन्हा केला का, आणि काय दिसले? चाचणी असेल तर मृत्यू मोजले की रक्तातला एखादा आकडा? फसलेला प्रयोग या संशोधकाने कधी छापला आहे का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचे खोटे उत्तर देता येत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. सान फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये ठरलेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्यावर जगभरातल्या हजारो संस्थांनी सह्या केल्या आहेत, आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणूस तोलू नये, हे त्याचे मुख्य कलम आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने नेमणुका आणि बढत्यांतून इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला. आपल्या विद्यापीठांना यासाठी दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. उमेदवाराने आपले सर्वोत्तम तीन निबंध आणि त्यांनी काय बदलले याचे एक पान द्यावे, एवढा नियम कोणतीही निवड समिती उद्या करू शकते.

समितीत बसणाऱ्या प्राध्यापकांना विनंती एवढीच: ते तीन निबंध मुलाखतीच्या आधी पूर्ण वाचून या. वाचायला सवड नसेल, तर समितीचे निमंत्रण नाकारा.